एका माणसाला एकच वरिष्ठ

संत म्हणतात जग प्रेमानं चालतं, व्यापारी म्हणतात पैशानं चालतं, आणि आमच्या मावसाजींच्या मते ते रिपोर्टिंगनं चालतं. कोण कोणाच्या हाताखाली आणि कोणी कोणाला काय सांगायचं, एवढं एकदा ठरलं की पाऊस वेळेवर पडेल, सोयाबीनला भाव मिळेल आणि गावातली कुत्रीसुद्धा आपापल्या पाळीनं भुंकतील, असा त्यांचा पक्का विश्वास आहे. मी हे पदरचं सांगत नाही. किन्हीराजाच्या मारुतीसमोर त्यांच्या शेजारी उभं राहून मी हे कानांनी ऐकलंय. सगळं गाव मारुतीकडे काय मागायचं ते मागतं आणि मोकळं होतं. मावसाजी मात्र हात जोडून म्हणतात, "तुमच्या पातळीवर होत असेल तर करा, नाहीतर रामाकडे पुढे पाठवा." एकदा मी म्हटलं, "अहो, राम तर समोरच्या देवळात आहे, थेट तिथंच सांगा की." त्यावर मी चपला घालून गाभाऱ्यात शिरल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "थेट?" ते म्हणाले. "मग मधल्यानं काय करायचं?"

मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. गावातली मंडळी त्यांना आबाजी म्हणतात. पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्यात हेल्पर म्हणून शिरले आणि मॅनेजर होऊन बाहेर पडले. सुरुवातीच्या काळात त्यांच्या डोक्यावर दोन साहेब होते. एक म्हणे हे आधी कर, दुसरा म्हणे ते आधी कर, आणि काम बिघडलं की दोघंही म्हणत, मी तर याला सांगितलंच नव्हतं. त्या काळात खाल्लेल्या शिव्यांमधून त्यांच्या आयुष्याचा एकमेव सिद्धांत जन्माला आला. "एका माणसाला एकच वरिष्ठ." हे वाक्य ते अगदी शुद्ध पुणेरी मराठीत म्हणतात. एरवी राग आला, भूक लागली किंवा मावशी समोर आली की त्यांची भाषा वऱ्हाडावर येते. निवृत्त झाल्यावर इतर लोक भिंतीवरचं घड्याळ आणि शाल घेऊन गावी परततात. हे अख्ख्या कारखान्याची रचना डोक्यात घेऊन आले आणि ती कुठं उतरवून ठेवावी, यासाठी जागा शोधू लागले.

पहिली जागा अर्थातच घर. मावशीला त्यांनी 'अंतर्गत विभागप्रमुख' केलं, गड्याला 'शेती विभाग', आणि दोघांनी आपापल्या अडचणी संध्याकाळी त्यांना सांगायच्या असं ठरलं. गड्यानं दुसऱ्याच दिवशी, बैलाला खुरकूत झाल्याचं दुपारी दिसलं असूनही, संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही, कारण वेळ झाली नव्हती. मावशीचा प्रश्न त्याहून सोपा होता. "गॅस सरला तं मी तुमाले सांगाचं. तुमी कोणाले सांगसान?" मावसाजी म्हणाले, मी एजन्सीला फोन करीन. "मंग तं मीच करतो नं फोन! मधात तुमी कायले पाह्यजे?" मधल्या माणसाच्या बाजूनं जन्मभर लढलेल्या या गृहस्थाला घरातल्याच माणसानं असा सवाल टाकला. चौथ्या दिवशी त्यांनी अंतर्गत विभाग स्वायत्त असल्याचं जाहीर करून टाकलं.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं हा वेगळाच सोहळा असतो. कारंजाच्या एसटीत त्यांनी कंडक्टरला विचारलं की ड्रायव्हर तुमच्या हाताखाली की तुम्ही ड्रायव्हरच्या? कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता सांगितलं, "गाडीत मी, रस्त्यावर थो, अन् डेपोत दोघायलेबी कोणी इचारत नाई." हे उत्तर मावसाजींना इतकं आवडलं की जऊळक्यापासून कारंजापर्यंत ते अधूनमधून मान डोलावत राहिले. आम्ही चाललो होतो मावशीच्या भाचीच्या लग्नाला. तिथं पंगतीत गोंधळ दिसला आणि यांच्या हाताला खाज सुटली. एका माणसाला पाच-सहांपेक्षा जास्त माणसं सांभाळता येत नाहीत, असं सांगून त्यांनी वाढप्यांचे गट पाडले, प्रत्येक गटाला एक म्होरक्या नेमला आणि प्रत्येकाला आपापली रांग आखून दिली. व्यवस्था इतकी चोख झाली की वरणवाला स्वतःच्या रांगेबाहेर एक पाऊल टाकीना. नवरदेवाचे वडील नेमके दोन रांगांच्या मधल्या कोपऱ्यात बसले होते. त्यांच्या पानात फक्त बुंदी आणि मीठ. इकडचा म्हणे, ते तिकडच्या गटात. तिकडचा म्हणे, मला म्होरक्यानं सांगितलं नाही. शेवटी व्याही उठून स्वतःच वरणाची बादली घेऊन आले आणि स्वतःलाच वाढून बसले. परतीच्या गाडीत मावशी मुद्दाम दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मावसाजी मात्र खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "कोपरा कुणाकडे द्यायचा ते ठरवायला हवं होतं."

अशा माणसाच्या गावात शेतकऱ्यांची कंपनी निघावी, हा योग म्हणायचा की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा. आसपासच्या शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून रस्त्याकडेच्या गोडाऊनात डाळ मिल बसवली. तूर आपली, मिल आपली, डाळ आपल्याच गावच्या नावानं पिशवीत जाणार. माझं कृषी केंद्र बरोबर समोर आहे आणि माझ्याकडे चार बऱ्या खुर्च्या आहेत, एवढ्या भांडवलावर मी संचालक झालो. आता शेतकऱ्यांच्या कंपनीची गंमत अशी की प्रत्येक भागधारक मालक असतो. पहिल्या महिन्यात शेताकडे जाता-येता जो तो मालक आत डोकावायचा. एक म्हणे मिल जरा हळू चालवा, दुसरा म्हणे जोरात चालवा, तिसरा नुसताच म्हणे, "बंद करा बरं, मले आवाज ऐकाचा हाये." मशीन बंद करून मालकाला शांतता ऐकवली जायची. हे पाहून मावसाजींना अक्षरशः झोप येईना. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण एके सकाळी ते गेरूचा डबा आणि कुंचला घेऊन हजर झाले आणि गोडाऊनच्या पांढऱ्या भिंतीवर चौकोन काढू लागले.

वरती भागधारक, खाली संचालक, खाली मॅनेजर, खाली मिल आणि मालरवानगी, खाली हमाल आणि ट्रकवाले. चौकोनाला चौकोन जोडणारी एकच रेष. सुबक काम होतं. गाव बघायला लोटलं आणि लगेच पहिलं भांडण पेटलं. एका संचालकानं भिंतीपुढं उभं राहून विचारलं, "माहा डब्बा याच्या खाली काहून?" वास्तविक तो कुणाच्याच खाली नव्हता, जागा नव्हती म्हणून मावसाजींनी चौकोन वीतभर खाली काढला होता. पण ज्याचा चौकोन वर होता तो त्याचा चुलतभाऊ, आणि त्या दोघांत बांधाचं भांडण आजोबांपासूनचं. मावसाजींनी पुसून दोन्ही चौकोन एका ओळीत घेतले. मग तिसऱ्याला आपला चौकोन लहान वाटला, चौथ्याला आपला संडासाच्या बाजूला आला म्हणून राग आला. दर आठवड्याला खालचा एखादा चौकोन वर चढू लागला. पोळ्यापर्यंत सगळे संचालक एका ओळीत आले, ती ओळ भिंत संपली तरी संपेना, म्हणून कोपऱ्यावरून वळून शेजारच्या भिंतीवर गेली. माझा चौकोन पार बाहेरच्या बाजूला, पन्हाळीखाली. माझी काही तक्रार नाही, तिथं सावली असते.

या सगळ्यात एकच चौकोन जागचा हलला नाही, तो मॅनेजरचा. त्यात नाव होतं वैष्णवीचं. ही बहुतेक संचालकांच्याच भावकीतली सून. अकोल्याला शेतीचं शिक्षण घेतलेली, नागपुरात नोकरी करत होती. लग्नानंतर नवऱ्याबरोबर गावी राहायचं तिनं आपण होऊन ठरवलं. मला एकदा म्हणाली, "भाऊ, नोकऱ्या तं लय भेटतात. पण आपल्या गावची डाळ आपल्या नावानं इकाचं काम मले कोण देईन?" डाळ निवडायला येणाऱ्या बायांना तिच्यामुळं हंगामभर गावातच काम मिळू लागलं होतं. नाहीतर दिवाळी झाली की त्यांची बिऱ्हाडं उठून परमुलखात जायची. नागपूरचा मोठा खरेदीदार तिनं फोनवर बोलून बोलून जोडला होता. थोडक्यात, ती होती म्हणून कंपनी होती, आणि हे सगळ्या मालकांना ठाऊक होतं, फक्त कुणी बोलून दाखवत नव्हतं.

अडचण तिच्या खालच्या चौकोनात होती. मिल आणि मालरवानगी पाहायचा किसनभाऊ. अंगानं दांडगा, मनानं लोण्याचा, कामाला वाघ. पण तो वैष्णवीच्या नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ, म्हणजे तिचा भासरा. आमच्याकडे भासऱ्यासमोर सुनेनं पदर घ्यायचा, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. आणि त्यानंही तिच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. शहरातल्या वाचकांना हे खोटं वाटेल. वैष्णवीलाही काही फार प्रेम नव्हतं या रिवाजाचं, पण गोडाऊनात जिकडं पाहावं तिकडं सासरे आणि दीर. रोज एक नवं भांडण अंगावर घेण्यापेक्षा पदर घेतलेला बरा, असं तिचं गणित. म्हणून मधे सुभद्राकाकू होत्या. डाळ निवडणाऱ्या बायांमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. वैष्णवी म्हणायची, "काकू, त्यायले सांगा, पट्टा ढिला झाला." हातभर अंतरावर उभ्या असलेल्या किसनभाऊला काकू ओरडून सांगायच्या, "किसना, पट्टा ढिला झाला म्हन्ते!" किसनभाऊ भिंतीकडे तोंड करून उत्तर द्यायचा, "सांगा तिले, कसून राह्यलो." "कसून राह्यला म्हन्ते वो!" हा कारभार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मावसाजींचे डोळे भरून आले. योग्य मार्गानं जाणारा इतका शुद्ध संदेश त्यांनी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. त्यांनी त्याच दिवशी काकूंना 'समन्वयक' असा चौकोन काढून दिला. काकूंनी तो पाहिला आणि विचारलं की याचे पैसे वायले, म्हणजे वेगळे, भेटतीन का.

मग एके दिवशी समन्वयक लेकीच्या डोहाळजेवणाला कारंजाला गेल्या. मावसाजी बँकेच्या कामाला वाशिमला. आणि नागपूरला जाणाऱ्या मालाचा ट्रक दारात लागला.

मी दुकानातून पाहत होतो. वैष्णवी गोडाऊनमधून लगबगीनं बाहेर आली आणि ट्रकच्या एका अंगाला गेली. ती येताना दिसताच किसनभाऊ मर्यादेनं दुसऱ्या अंगाला गेला. ती मागच्या बाजूनं फिरून तिकडं गेली, तो पुढच्या बाजूनं इकडं आला. ती थांबली की तो थांबे, ती निघाली की तो निघे, आणि दोघांच्या मधे ट्रक. मला वाटलं, नवी गाडी आहे, पूजा करून प्रदक्षिणा घालत असतील. मी समोरून हातसुद्धा जोडले. प्रत्यक्षात हमाल चाळणी न मारलेली, चुरी मिसळलेली पोती भरत होते आणि वैष्णवीला ते थांबवायचं होतं. तिनं खांबाकडे पाहून सांगून पाहिलं, पण मिलच्या आवाजात खांबालाही ऐकू गेलं नसतं. तिनं किसनभाऊच्या बायकोला फोन लावला, ती शेतात. किसनभाऊचा फोन खुंटीवरच्या सदऱ्यात वाजत होता. तिनं कंपनीच्या व्हॉट्सअॅप गटात लिहिलं, "कृपया गाडी थांबवा." त्यावर पाच-सहा मालकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि एकानं शुभ सकाळ केलं. शेवटी ती हमालांकडेच गेली. हमाल भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "आमी किसनभाऊच्या डब्ब्यातले आहो, बाई. आबाजीनं सांगतलं, एका मानसाले एकच साहेब." ड्रायव्हरनंही तेच सांगितलं. आणि ट्रक गेला.

तो तिसऱ्या दिवशी जसाच्या तसा परत आला. खरेदीदारानं कळवलं की आणखी एकदा असं झालं तर आपला राम राम. जाण्या-येण्याचं भाडं बोकांडी बसलं ते वेगळंच. संचालकांची बैठक गोडाऊनातच बोलावली गेली. रोडगे आणि वांग्याची भाजी होती, कारण आमच्याकडे वाईट बातमी रिकाम्या पोटी ऐकायची पद्धत नाही. अध्यक्ष म्हणजे वैष्णवीचे चुलत सासरे. माणूस भला; हात धुऊन, खाली मान घालून म्हणाले, "पोरगी हुशार हाये, कोणीबी नाई म्हणनार नाई. पण सून हाये. सुनेले मानसं हाकता येत नाईत. मॅनेजर किसनाले करू, पोरगी लिहा-वाचाचं पाहीन." माना हलल्या. किसनभाऊ दाराशी उभा होता, त्याचा चेहरा कुणी त्याचीच चोरी पकडल्यासारखा झाला होता. वैष्णवी पोत्यांच्या थप्पीमागे पदर घेऊन बसली होती. तिथून तिचा आवाज आला, सगळ्यांना उद्देशून, पण कुणालाच नाही असा. "मले नागपूरहून बोलावणं हाये. लिहा-वाचाचं काम तिथंबी भेटते. इथं ठेवाचं असन तं मॅनेजर म्हणून ठेवा, नाई तं मी जातो." निवडणाऱ्या बाया दाराबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या.

मग मावसाजी उठले. मला वाटलं, आता हे भिंतीपुढं काठी टेकून चौकोनांचं पुराण लावणार. ते भिंतीपुढं गेले खरे, पण बोट चौकोनावर नाही, रेषेवर ठेवलं. नंतर म्हणाले, "चूक पोरीची नाई. किसनाची बी नाई. माह्या रेषेची हाये. या रेषेनं त्या दिवशी सगळे हात बांधून टाकले." आणि वळून विचारलं, "किसना, वैष्णवीची माय तुही कोण लागते?"

किसनभाऊ गोंधळला. "मामेबहीण, आबाजी. माही माय तिची आत्या."

"मंग हे पोरगी तुही कोण?"

यात काही नवं नव्हतं. दोघांच्या आया एकाच गावच्या, एकाच घराण्यातल्या, हे प्रत्येकाला माहीत होतं. पण लग्न झालं की सासरचं नातं धरायचं आणि माहेरचं खुंटीला टांगायचं, हा रिवाजही प्रत्येकाला माहीत होता.

"भाची," किसनभाऊ हळूच म्हणाला.

"होती," अध्यक्ष म्हणाले. "लगनाच्या आंधी."

"लगनानं रगत बदलते का, अध्यक्ष? घरी सासर हाये, थे राहू द्या. पदर, मर्यादा, सगळं राहू द्या. गोडाऊनात मात्र माहेरचं नातं चालन. इथं किसना भासरा नाई, मामा हाये. मामा-भाचीले बोलाले कोणाची मनाई हाये?"

"अशी दोन-दोन नाती एकाच मानसासंग कुठं चालतात आबाजी?" अध्यक्षांनी विचारलं.

"कंपन्यांमध्ये चालतात," मावसाजी एकदम पुणेरीत शिरले. "एक सरळ रेष, एक तुटक रेष. माणूस एकच, वरिष्ठ दोन. मी जन्मभर त्याच्याविरुद्ध भांडलो. साहेबांशी भांडलो, बढती घालवली, पण मान्य केलं नाही." त्यांनी कोपऱ्यातला गेरूचा डबा पुढं ओढला. "चुकलो असेन." आणि त्यांनी कुंचला गेरूत बुडवून वैष्णवी आणि किसनच्या चौकोनांमध्ये एकेक ठिपका ठेवत तुटक रेष ओढली. ठिपके काही सारखे आले नाहीत.

आता आमच्या भागातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे भाचा-भाची मामाच्या पाया पडत नाहीत. मामा त्यांच्या पाया पडतो, मग ती पाळण्यात असली तरी. किसनभाऊ दारातून पुढं आला. थप्पीला वळसा घालून वैष्णवीसमोर गेला, आणि तो दांडगा माणूस सगळ्या भावकीदेखत खाली वाकला. "उन्हाळ्यात आजोळी ये तवा मी पाया पडो हिच्या," तो आमच्याकडे न पाहता सांगू लागला. "हे खिदळे अन् पाय वर घे. खांद्यावर बसवून जत्रा दाखवली हिले. आमच्या घरात लगन होऊन आली अन् बोलनं बंद झालं. रोज आवाज ऐकतो, पण मले वाटे, पोरगी मेली का काय माही." तिनं डोक्यावरचा पदर दोन बोटांनी मागं सारला. रडत होती की नाही ते मला नीट सांगता येणार नाही, कारण माझाच चष्मा धुकटला होता. पण तिचे शब्द आम्ही सगळ्यांनी ऐकले. "मामा, उद्याच्या गाडीत चाळणी मारलेलीच पोती भरजा."

"हो माय," किसनभाऊ म्हणाला.

अध्यक्षांनी आणखी रोडगे आहेत का, असं विचारलं. ठराव मांडायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. दाराबाहेरच्या बाया मात्र एकदम बोलायला लागल्या.

तेव्हापासून मिल बरी चालते आहे. मामा-भाची दिवसभर एकमेकांवर ओरडतात आणि संध्याकाळी घरी जाताना ती पदर घेते, तो दहा हात पुढं चालतो. खरेदीदारानं पुढच्या हंगामाचा मालही सांगून ठेवला आहे. सुभद्राकाकूंचं समन्वयकपद गेलं, पण आपण ते आधीच सोडलं होतं असं त्या सांगतात. भिंतीला आता पोत्यांच्या थप्प्या लागल्या आहेत, चौकोन कुणाला दिसत नाहीत आणि कुणी विचारतही नाही. कामं इतकी सुरळीत झाली की मावसाजींना कुणी काही विचारायचंच उरलं नाही. स्वतःच्या हातानं बांधलेल्या घरात स्वतःलाच खोली नसावी, तसं काहीसं झालं.

मावशीनं मला मागे एकदा सांगितलं होतं, निवृत्तीनंतर त्यांना सगळ्यांत जड जाते ती संध्याकाळ. पुण्यात असताना जाण्याआधी साहेबाच्या टेबलापाशी उभं राहून आज काय झालं ते सांगायचे, मगच घरी यायचे. इथं आल्यावर संध्याकाळी तोंड धुऊन, स्वच्छ सदरा घालून ओसरीवर बसायचे, कुणीतरी विचारेल म्हणून. "मी म्हन्लं, मले सांगा नं. तं म्हन्ते, तू घरची हायेस, तुले काय सांगाचं."

हल्ली मी दुकान बंद करताना रोज एक दृश्य पाहतो. मावसाजी गोडाऊनात जातात. वैष्णवीच्या टेबलापाशी उभे राहतात. ती खुर्ची पुढं करते, पण ते बसत नाहीत. आणि दिवसभराचं सांगतात. सकाळी तुळशीला पाणी घातलं. पेपर वाचला, विशेष काही नाही. वाळवणात शेळी शिरली होती, हाकलली. दुपारी जरा डोळा लागला, त्याबद्दल दिलगीर आहे. वैष्णवी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकते. घाई असली तरी ऐकते. हसत नाही, मधे बोलत नाही; एखादा प्रश्नसुद्धा विचारते, शेळी कोणाची होती म्हणून. मला त्या पोरीचं फार कौतुक वाटतं, आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्याकडे पाहून गलबलून येतं.

काल मी पिशव्या आत घेत होतो, तेव्हा त्यांचं सांगून संपलं होतं आणि ते तसेच उभे होते. वैष्णवी म्हणाली, "बरं झालं, आबाजी. उद्या जरा लवकर या, गाडी भराची हाये."

"लवकर म्हणजे किती वाजता?" त्यांनी विचारलं, आणि वेळ नक्की करून घेतल्यावरच ते घरी निघाले.